व्यायामवर्गात पेल्व्हिक फ्लोअर: कधी उचलायचा, कधी सोडायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बायकांचे व्यायामवर्ग घेते. वर्ग संपल्यावर चटई गुंडाळता गुंडाळता कोणीतरी जवळ येतं, आवाज खाली आणतं आणि म्हणतं, "जरा एक विचारायचं होतं." पुढचा प्रश्न बहुतेक वेळा पेल्व्हिक फ्लोअरचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा असतो. ते सगळे प्रश्न इथे उघडपणे लिहिले आहेत.

दुसऱ्या बाळंतपणानंतर चार महिन्यांनी मी स्वतः एका एरोबिक्सच्या वर्गात उड्या मारत होते आणि कपडे ओले झाले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तासभर खालून आवळून धर, होईल बरं." मी ते मनापासून केलं. तीन आठवड्यांनी लघवी गळणं होतं तसंच होतं, वर माकडहाडाशी दुखायला लागलं होतं. "आवळून धरा" ही अर्धीच सूचना आहे. तिचा दुसरा अर्धा भाग वर्गात क्वचितच सांगितला जातो, म्हणून हे पान.

हे स्नायू नेमके आहेत कुठे?

ओटीपोटाच्या अगदी खालच्या टोकाला हाताला एक कडक हाड लागतं. मागे माकडहाड आहे. दोन्ही बाजूंना, आपण ज्यांच्यावर बसतो ती बैठकीची हाडं. या चार टोकांमध्ये बांधलेली स्नायूंची झोळी म्हणजे पेल्व्हिक फ्लोअर. पुस्तकात याला श्रोणितळ म्हणतात, पण वर्गात तो शब्द वापरला तर कोणालाच काही कळत नाही. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग या झोळीवर विसावलेले असतात. झोळीतून बायकांमध्ये तीन वाटा बाहेर येतात, पुरुषांमध्ये दोन. त्या वाटा वेळेवर बंद ठेवणं आणि वेळेवर उघडू देणं, दोन्ही कामं याच स्नायूंची.

आता धडाचा एक डबा डोळ्यांसमोर आणा. झाकण म्हणजे श्वासपटल, भिंती म्हणजे पोटाचे आतले आणि कण्यालगतचे स्नायू, तळ म्हणजे ही झोळी. श्वास आत घेतला की श्वासपटल खाली येतं आणि झोळीही किंचित खाली जाते. श्वास सोडला की दोन्ही वर येतात. हे दिवसरात्र आपोआप चालू असतं. पुढची बहुतेक उत्तरं या एका हालचालीवर उभी आहेत.

योग्य स्नायूच आवळला जातोय, हे कसं ओळखायचं?

चारचौघांत बसलेलं असताना वायू सरेल असं वाटलं, तर आपण जे करतो ते मागच्या भागाचं आवळणं. त्याच्या जोडीला लघवी रोखल्याची कल्पना करा, म्हणजे पुढचा भागही त्यात येतो. मग दोन्ही मिळून आत आणि वर, जसा आतून कोणी दोरा अलगद ओढतंय. नुसतं दाबून बंद केलं तर काम अर्धं होतं, वर उचललं जाणं महत्त्वाचं.

पहिल्यांदा लाकडी खुर्चीवर बसून करा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून दोन पायांच्या मध्ये, पुढून मागे अशी ठेवा आणि तिच्यावर बसा. आवळल्यावर शरीराचा तो भाग गुंडाळीपासून सुटून वर गेल्यासारखा वाटला पाहिजे. गुंडाळीवर खाली दाब पडतोय असं वाटलं, तर तुम्ही उचलत नाही आहात, कुंथत आहात. हाच तो फरक ज्यासाठी हे पान वाचायचं. घरी एकांतात हातात आरसा धरूनही पाहता येतं: योनीमार्ग आणि गुदद्वार यांमधली जागा आत गेली पाहिजे, बाहेर फुगली नाही पाहिजे.

कुल्ले घट्ट होणं, मांड्या एकमेकींना चिकटणं, श्वास थांबणं, भुवया वर जाणं, ही सगळी दुसरे स्नायू मदतीला धावल्याची लक्षणं आहेत. बेंबीच्या खाली पोट हलकंसं आत जातं, ते ठीक आहे.

अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ बायकांना फक्त तोंडी सूचना देऊन हे आवळणं करायला सांगितलं होतं. जेमतेम निम्म्या जणींना ते नीट जमलं. चौघींतली एक तर अशा रीतीनं जोर लावत होती की लघवी गळणं उलट वाढावं. म्हणून वर्गात पंचवीस जणींना एकदम "आवळा" म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, यावर मी विश्वास ठेवत नाही. शंका असेल तर या विषयाचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्या.

या व्यायामाला ज्यांचं नाव मिळालं त्या डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली त्याबद्दल लिहिलं, तेव्हा ते दाब मोजणारं एक उपकरण वापरत असत. बाईला स्वतःचा जोर काट्यावर दिसायचा. आपण त्यातलं "आवळा" तेवढं घेतलं आणि पडताळणी मागे राहिली.

लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव केला तर?

नको. लघवी करताना मूत्राशय आवळतं आणि झोळी सैल होते, असा दोघांचा ठरलेला मेळ आहे. रोज धार अडवली तर तो मेळ बिघडू शकतो आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. सरावाची जागा न्हाणीघराबाहेर.

ताई म्हणतात, "पूर्ण तासभर कोअर टाइट, खालून लॉक." तसं करू का?

नका करू. भरलेली कळशी हातात धरून तासभर उभं राहिलात, तर दंडाचं काय होईल? तो बळकट होत नाही, थकतो आणि आखडतो. मग कोणी अचानक काही झेलायला दिलं तर हात वेळेवर उचलतच नाही. पेल्व्हिक फ्लोअरचंही असंच आहे. शिंक येते, उडी मारून पाय जमिनीवर टेकतात, तेव्हा त्याला खालून चटकन वर यावं लागतं. आधीच वर अडकून बसलेल्या स्नायूला वर यायला जागाच उरत नाही.

यातले बरेचसे स्नायूतंतू सावकाश, दीर्घकाळ काम करणारे असतात. ते उभं असताना, चालताना मंदपणे चालूच असतात. त्यांना तासभर हुकूम देण्याची गरज नाही. मुद्दाम उचलायचं ते जोर लागतो त्या क्षणी, आणि तेही पूर्ण ताकदीनं नाही. हलक्या व्यायामाला एक तृतीयांश जोर पुरतो. जड वजनाला जास्त. क्षण संपला की सोडायचं, आणि सोडलं हे जाणवलं पाहिजे.

मग श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा?

ज्या क्षणी कष्ट जास्त, त्या क्षणी श्वास बाहेर. बैठका घेताना खाली जाताना श्वास आत घ्या, झोळी सैल होऊ द्या. वर येण्याच्या किंचित आधी श्वास सोडायला सुरुवात करा, त्याबरोबर खालून उचला, मग उठा. डंबेल डोक्यावर नेताना श्वास बाहेर, आणताना आत. सेतुबंधासनासारखं पाठीवर झोपून कंबर उचलत असाल तरी हाच नियम: उचलताना बाहेर.

घोटाळा होतो तो श्वास कोंडल्यावर. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब चहूबाजूंनी वाढतो आणि तळाशी जो कमजोर असेल त्याला तो सोसावा लागतो. स्पर्धेतले वजन उचलणारे खेळाडू मुद्दाम श्वास धरतात हे खरं, पण त्यांनी ते तंत्र वर्षानुवर्षं शिकलेलं असतं. सोसायटीच्या हॉलमधल्या वर्गात त्याची गरज नाही.

वेग वाढला की श्वास आणि उचलणं यांचा ताळमेळ डोक्यात ठेवणं अशक्य होतं. झुंबाच्या गाण्यावर प्रत्येक ठेक्याला "आता उचलू की सोडू" असा विचार करू नका. तिथे फक्त श्वास चालू ठेवा. संथ व्यायामात शिकलेलं शरीर हळूहळू स्वतःच वापरायला लागतं.

शिंक, खोकला किंवा उडी येण्याआधी काही करता येतं का?

येतं. शिंक येणार हे कळलं की तिच्या आधी एक क्षण पटकन उचला, शिंक संपली की सोडा. तान्ह्या बाळाला उचलण्याआधी, पाण्याचा पिंप सरकवण्याआधीही हेच. इतक्या साध्या युक्तीनं गळणं कमी होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. पुष्कळ जणींना पहिला फरक इथेच जाणवतो.

उड्या मारताना थेंब गळतात. मुलं झाल्यावर हे व्हायचंच, ना?

पुष्कळ जणींना होतं. म्हणून ते सोसत राहायचं असं मात्र नाही. शिवाय हे फक्त बाळंतपणाचं नाही. स्वीडनमध्ये ट्रॅम्पोलिनवर खेळणाऱ्या ३५ मुलींना विचारलं होतं. सरासरी वय १५, एकीलाही मूल झालेलं नव्हतं, आणि तरी ८० टक्के मुलींनी सरावात लघवी गळते असं सांगितलं. उडीचा दाब मोठा असतो, पोट सपाट आणि वय कोवळं असलं तरी.

वर्गात हे करा: जम्पिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला टाका. बर्पीत उडी काढून चालत मागे जा. दोन्ही पाय एकदम उचलण्याऐवजी एक उचला. प्लँक गुडघ्यांवर. यात कमीपणा नाही. काही आठवडे असं करून न गळता जमलं, तर पाच लहान उड्या मारून बघा, मग दहा.

वर्गाआधी पाणी पिणं बंद करू नका. लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला चुरचुर लागते आणि घाई वाढते. निघताना एकदा जाऊन या, पण "असू दे, परत एकदा" म्हणून तीनदा जाऊ नका. अर्धवट भरलेलं मूत्राशय रिकामं करत राहिलं की त्याला तेवढ्यावरच हाक मारायची सवय लागते.

श्रावणात आमच्या मंडळाची मंगळागौरीची प्रॅक्टिस असते. फुगडी, पिंगा झेपेल का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण वर्षभर व्यायाम न केलेल्या पन्नाशीच्या बायका आषाढात एकदम दोन तास नाचायला लागतात. झिम्मा आणि पिंगा बहुतेकींना झेपतात. पाय पूर्ण सुटत नाहीत, आणि तोंडानं गाणं चालू असतं. गाताना श्वास बाहेर जात राहतो, कोंडला जात नाही. जुन्या खेळांत ही सोय आपोआप झालेली आहे, तिचा फायदा घ्या. रेकॉर्ड लावून मुक्यानं नाचण्यापेक्षा स्वतः गा.

उभी फुगडी गुडघे सैल ठेवून घाला. बसफुगडी मात्र जपून. उकिडवं बसून उड्या मारताना झोळी ताणलेली असते आणि वरून दाब येतो, त्यात गुडघ्यांचीही कसोटी. अंग जड वाटत असेल, पिशवी काढल्याला फार दिवस झाले नसतील, किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर बसफुगडी दुसरीला घालू द्या आणि तुम्ही गाण्याची बाजू सांभाळा. प्रॅक्टिस आषाढाच्या सुरुवातीपासून, पंधरा-वीस मिनिटांनी सुरू करा.

योगवर्गात मूलबंध आणि अश्विनी मुद्रा शिकवतात. ते हेच का?

जवळचं नातं आहे. अश्विनी म्हणजे घोडी. घोडी जशी गुदद्वार आवळते आणि सोडते, तसं आवळायचं आणि सोडायचं. बघा, सोडणं त्या क्रियेच्या नावातच आलं. ती मागच्या भागाची आहे, पुढचा भाग त्यात मुद्दाम आणावा लागतो. मूलबंध प्राणायामाचं अंग आहे, श्वास रोखण्याबरोबर, ठरलेल्या वेळेपुरता केला जातो. सूर्यनमस्कारांच्या बारा आवर्तनांत सतत मूलबंध धरून ठेवा असं कोणी सांगितलं, तर मी ते करणार नाही.

कपालभातीत पोटाला जोरात झटके बसतात. गरोदरपणात, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आणि अंग खाली येत असताना ती करू नये.

सगळं मन लावून करते, पण दुखतं आणि लघवीला बसलं की लवकर सुरूच होत नाही. काय चुकतंय?

कदाचित तुमचा स्नायू कमजोर नाही, आखडलेला आहे. हा प्रश्न कमी विचारला जातो आणि सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला यातच मिळतो.

लक्षणं अशी: लघवीची धार अडखळत येते, पोट साफ व्हायला कुंथावं लागतं, संबंधाच्या वेळी दुखतं, बसून बसून माकडहाडाशी किंवा जांघेत ठणकतं. आखडलेल्या स्नायूतूनही लघवी गळू शकते, कारण तो आधीच थकलेला असतो. अशा वेळी आवळण्याचा सराव वाढवला की त्रास वाढतो. पोट कायम आत ओढून धरणाऱ्या, दिवसभर बसायला वेळ न मिळणाऱ्या, प्रवासात स्वच्छ शौचालय नाही म्हणून तासन्‌तास लघवी दाबून ठेवणाऱ्या बायका माझ्याकडे याच तक्रारीनं येतात. ती शेवटची गोष्ट बायकांच्या हातात नाही, आणि त्याचा मला राग येतो.

आवळणं काही आठवडे पूर्ण थांबवा. उताणं झोपून गुडघे वाकवा, एक हात बरगड्यांवर, एक पोटावर. नाकानं श्वास घ्या, बरगड्या रुंद होऊ द्या, पोट मऊ सोडा आणि तो श्वास बैठकीच्या हाडांपर्यंत पोचतोय अशी कल्पना करा. श्वास सोडताना काहीही करू नका. रोज पाच मिनिटं. बालासन आणि भिंतीला टेकून, टाचांखाली घडी ठेवून उकिडवं बसणं यांचाही उपयोग होतो. दातही सैल सोडा, जबडा आवळलेला असला की खालचं सुटत नाही असं मी वर्गात रोज बघते. महिनाभरात फरक नाही पडला तर तपासणी करून घ्या.

बाळंतपणानंतर वर्गाला कधी यायचं?

हलकं उचलणं आणि सोडणं पहिल्या काही दिवसांतच, अंथरुणात पडल्या पडल्या सुरू करता येतं. लघवीची नळी काढलेली असावी आणि दुखत नसावं. टाके असतील तरी हळुवार सराव चालतो. वर्गाला यायचं ते डॉक्टरांची सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावर, आणि तेही संथ व्यायामांना. पळणं आणि उड्या किमान तीन महिने नाहीत. बाळाचं डोकं बाहेर येताना या झोळीचा काही भाग मूळ लांबीच्या तिप्पट ताणला जातो. इतका ताणलेला स्नायू सव्वा महिन्यात पूर्ववत होईल ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सिझर झालं असेल तर झोळी बहुतेक वेळा तेवढी ताणली गेलेली नसते, पण नऊ महिन्यांचं ओझं तिनंही वाहिलेलं असतं. सराव तिलाही हवा.

पोटाला पट्टा बांधायचा असेल तर आधारापुरता, चार बोटं सहज आत जातील इतका सैल. कचकचून बांधलेला पट्टा पोटातला दाब खाली ढकलतो. आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. रोजचं कुंथणं एका बर्पीपेक्षा जास्त नुकसान करतं. कमोडवर बसताना पायांखाली पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील आणि वाट सरळ होईल.

गरोदरपणात?

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जरूर. शेवटच्या तीन महिन्यांत फार वेळ उताणं न झोपता कुशीवर करा, आणि शेवटच्या आठवड्यांत भर सोडायला शिकण्यावर असू द्या.

अंग बाहेर येतंय असं वाटतं. व्यायाम बंद करू?

आधी तपासणी, मग वर्ग. खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, संध्याकाळी जडपणा वाढणं, अंघोळीच्या वेळी हाताला फुगवटा लागणं, ही अवयव खाली सरकल्याची लक्षणं असू शकतात. बहुतेकींना व्यायाम पूर्ण सोडावा लागत नाही, बदलावा लागतो. आधारासाठी आत बसवायची रिंग मिळते, ती घालून अनेक जणी वर्गाला येतात. वर्गाच्या शेवटी जडपणा वाढला असेल तर त्या दिवशीचं काहीतरी जास्त झालं. पुढच्या वेळी तेवढं कमी करा.

रोज किती वेळा करायचं, आणि फरक कधी पडतो?

ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये किमान आठ वेळा आवळणं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने, असं सांगितलं आहे. तीन सेकंदांपासून सुरुवात करून दहा सेकंदांपर्यंत जा. जितका वेळ धरलं तितकाच वेळ सैल सोडा. शेवटी पाच-सहा झटपट. आठवड्यातून दोन वर्गांनी हे भागत नाही, सराव घरचाच. माझ्या वर्गातल्या एका काकूंनी तो कुकरच्या शिट्ट्यांशी बांधला आहे, दोन शिट्ट्यांच्या मध्ये होतील तेवढे.

फळ खरंच मिळतं. २०१८ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. शिंकताना-उडताना लघवी गळणाऱ्या ज्या बायकांनी शिकून हा सराव केला, त्यांतल्या ५६ टक्के बऱ्या झाल्याचं सांगत होत्या. सराव न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं.

पुरुषांनाही याची गरज असते का?

हो, विशेषतः प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर. त्यांना "गुदद्वार आवळा" एवढंच सांगितलं तर पुढचा भाग नीट कामाला लागत नाही. लिंग आत ओढून घेतल्यासारखं करा, ही सूचना जास्त उपयोगी पडते. श्वासाचे नियम तेच.

कोणत्या लक्षणांवर वर्ग सोडून थेट डॉक्टरांकडे जायचं?

दोन पायांच्या मधली जागा बधिर होणं, आणि त्याबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा अचानक जाणं, लघवी तुंबणं किंवा पायांतली ताकद जाणं: त्याच तासाला रुग्णालयात. लघवीतून रक्त, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, तापासह जळजळ: त्याच आठवड्यात डॉक्टर.

मी स्वतः वर्ग घेते. काय बोलू, काय टाळू?

"उचला" जितक्या वेळा म्हणाल तितक्या वेळा "सोडा" म्हणा. "लॉक", "टाइट" हे शब्द कमी करा. कोणालाही सगळ्यांसमोर "तुम्हाला गळतं का?" विचारू नका. नाव नोंदवताना कागदावर विचारा: बाळंतपण कधी झालं, शस्त्रक्रिया, लघवीचा त्रास, खाली जडपणा. सोपा पर्याय आधी दाखवा, अवघड नंतर, म्हणजे सोपं निवडणारीला मागे पडल्यासारखं वाटत नाही. आणि "कोणाला मधूनच जाऊन यायचं असेल तर विचारू नका, जा" हे वर्गाच्या सुरुवातीलाच सांगून टाका.

आई ७२ वर्षांची आहे. आता सुरू करून उपयोग होईल?

होईल. या वयातही स्नायू सरावाला दाद देतो. फक्त जोडीला बाकीची व्यवस्था बघा: रात्री न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर दिवा, घसरणारं पायपुसणं काढलेलं, सोडायला सोपी नाडी. औषधांपैकी एखादं लघवी वाढवणारं आहे का, हे डॉक्टरांना विचारा. सराव झोपून सुरू करा, गुडघ्यांखाली उशी. तुम्ही शेजारी बसून श्वास मोजा, बाकी तिला करू दे. पहिल्या दिवशी तीनदा जमलं तर तीनच.